गॅलरीतली खरड छाटणी

नाना, तुमच्या जावयांची झाडं मी कापली. गॅलरीतली सगळी. एप्रिल लागला होता, हातात तुमचीच लाल मुठीची कात्री होती, आणि द्राक्षबागेची खरड करतात तशी एकेका कुंडीतलं झाड मी बुंध्यापर्यंत कापत आणलं. हे इथे कुणाला सांगायची सोय नाही. नाशिकरोडला आमच्या सोसायटीत खरड छाटणी म्हणजे काय हे आधी समजावून द्यावं लागतं, आणि समजावून दिलं की लोक माझ्याकडे जास्तच काळजीने बघायला लागतात. तुम्हाला समजवायची गरज नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, एवढी एकच अडचण आहे.

तुमचे जावई मार्चच्या सुरुवातीला गेले. सकाळचा चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता, झाडांना पाणी घालायला म्हणून उठले आणि पुन्हा खुर्चीतच बसले. मी आतून विचारलं, "काय झालं?" उत्तर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मलाही काही कळलं नाही, नाना, आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही. लोक सांगतात, आभाळ कोसळल्यासारखं होतं. माझ्यावर काही कोसळलं नाही. फ्रिज बंद पडला की घरात जशी शांतता होते तेवढीच झाली, आणि त्या शांततेत मी दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितलं.

तुम्ही आमच्याकडे एकदाच राहायला आलात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. हिरवी पट्टी डोळ्यावर बांधून गॅलरीत बसायचात. तेव्हा आमच्याकडे एकच क्रोटन होतं, आणि तुमचे जावई एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आले की ओल्या फडक्याने त्याचं एकेक पान पुसायचे. तुम्ही दोन दिवस एका डोळ्याने ते बघून घेतलंत. तिसऱ्या दिवशी विचारलंत, "जावईबापू, याला फळ काय लागतं?" ते म्हणाले, काही नाही. "मंग फूल?" फूलही नाही. तुम्ही अगदी मऊ आवाजात म्हणालात, "मंग ह्ये करतं काय?" जावई हसले, म्हणाले, "नाना, ते नुसतं राहतं." तुम्हाला ते काही पटलं नाही. ज्या माणसाने जन्मभर एकेका काडीला घड लागतो की नाही हे बघितलं, त्याला नुसतं राहणारं झाड कसं पटावं. मलाही पटत नव्हतं. मी त्या झाडांकडे कधी लक्ष दिलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी गॅलरी भरून टाकली, रबर आणलं, मोगरा, जास्वंद, स्नेक प्लांट, मनी प्लांट, आणि मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिच्या खोलीची गॅलरीत उघडणारी खिडकी ओकीबोकी दिसते म्हणून एक पाम. व्हिडिओ कॉलवर आधी पाम दाखवायचे, मग स्वतः दिसायचे. मी म्हणायचे, घरात माणसापेक्षा कुंड्यांचा मान मोठा. कुणाला किती पाणी, कुणाला किती ऊन, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

दुःखाच्या घरात बायकांना काम नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पुरुषांना दहाव्याची जमवाजमव असते, रामकुंडावर जाणं असतं, गुरुजींना फोन असतात. बायकांनी नुसतं बसायचं. स्वयंपाक शेजारून येतो, भांडी दुसरंच कुणी घासतं. मग ज्या बाईला बसवत नाही ती उठते आणि झाडांना पाणी घालते. सकाळी जाऊबाईंनी घातलं, दुपारी नणंदेनं घातलं, संध्याकाळी समाचाराला आलेल्या कुणी ना कुणी. माझी एक मावससासू तर प्रत्येक कुंडीशी थांबून म्हणायची, "झाडं बी रडत्यात गं मानसामागं. त्यांचा घसा कोरडा नको ऱ्हायाला." तेराव्यापर्यंत कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरलेल्या होत्या. पाहुणे परतले आणि पानं पिवळी पडायला लागली. मातीतून बारीक चिलटं उठायची. पान पिवळं दिसलं की आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून मी आणखी एक तांब्या घातला. मायेने मारणं म्हणतात ते हेच असावं. तेव्हा मला एवढंही सुचत नव्हतं, मी आपली तांब्या ओतत होते.

मग एका सकाळी मी गॅलरीत उभी होते. पिवळी, काळपट, लोंबणारी पानं. तुमच्या बागेत माल उतरल्यावर वेली अशाच दिसायच्या, थकलेल्या आणि अस्ताव्यस्त. खाली रस्त्यावरून द्राक्षाचे रिकामे क्रेट भरलेला टेम्पो गेला आणि माझ्या मनात एवढंच आलं, की एप्रिल लागला, बाग बोडकी करायची वेळ झाली. कात्री स्वयंपाकघरात होती, तिने मी दुधाच्या पिशव्या कापते. मी रबर कापलं, त्यातून पांढरा चीक हातावर आला. क्रोटन, जास्वंद, मोगरा, सगळ्यांच्या काडीवर फुटव्याचा एक डोळा ठेवून बाकी खाली. स्नेक प्लांटला डोळा कुठे असतो ते मला माहीत नव्हतं, तेही सरसकट कापलं. शेवटी पाम. त्याच्या सगळ्या दांड्या एका उंचीला आणल्या, नीट, ओळीत. हात अजिबात थांबला नाही. तुम्ही म्हणायचात ना, "एप्रिलात बागेची दया करशील त दसऱ्याला बोंबलशील." मी दया केली नाही. काम झाल्यावर केर भरला, अंघोळ केली, वरणभात जेवले. किती दिवसांनी जेवण जेवणासारखं लागलं होतं.

मुलगी मे महिन्यात सुट्टी काढून आली. पिशवी दारातच ठेवून सवयीने गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई! हे काय केलंस तू?"

"छाटणी."

"छाटणी? बाबांचा पाम कुठंय?"

"तो काय. तोच आहे तो."

ती कितीतरी वेळ त्या खुंटांकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, "लोक माणूस गेल्यावर त्याचा फोटो लावतात. तू त्यांचं जे काही जिवंत उरलं होतं ते कापून काढलंस."

"एप्रिल होता," मी म्हणाले.

"एप्रिल होता म्हणजे काय, आई? तू एकदाही रडली नाहीस. मी तेरा दिवस बघत होते. मला वाटलं, धक्का असेल, मी गेल्यावर रडशील. आणि तू काय केलंस? कात्री घेतलीस!"

तिचं बोलणं मला लागलं नाही. ते लागायला हवं, एवढं कळत होतं, सुन्न झालेल्या दातावर डॉक्टर टकटक करतो तेव्हा कळतं तसं. ती तिकीट बदलून दोन दिवस आधीच गेली. जाताना पाया पडली, पण डोळ्यात बघितलं नाही. पोरगी आपल्यापासून जाते आहे हे मला स्वच्छ दिसत होतं, नाना. नवरा गेला, आता ही गेली तर माझं म्हणून या जगात कुणी राहत नाही, हेही दिसत होतं. दिसत होतं, आणि आत काहीही हलत नव्हतं. त्याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी कांदा चिरताना मला तुम्ही आठवलात. आई गेली तेव्हाही एप्रिलच होता. मी शाळेत होते, परकर जाऊन पंजाबी ड्रेस आलेला. पेठकडची मजुरांची टोळी छाटणीला येऊन बागेच्या कडेला उतरली होती, त्यांचीही चूल थांबलेली, कारण ज्या घरी कामाला आले तिथे मयत झालेली. तुम्ही राख सावडून आलात आणि दुसऱ्या सकाळी कात्री घेऊन निघालात. मी दारात उभी आहे. आत्या तुमच्या आडवी येते, म्हणते, "दादा, घरात सुतक हाय. लोक काय म्हनतील? बायको जाऊन चार दिस नाय झाले आन् तू बागंत चालला?" तुम्ही चपला घालता घालता म्हणता, "झाडाला कुठं सुतक राहतं." आणि जाता. दिवसभर तुम्ही कापत राहिलात, टोळीच्याही पुढे. पाणी प्यायलासुद्धा बांधावर आला नाहीत. मला दारातून तुमचं मुंडण केलेलं डोकं आणि पडणाऱ्या काड्या दिसत होत्या. संध्याकाळी अख्ख्या गावात तेच, ह्याच्या छातीत काळीज हाय का द्राक्षाचं बी.

मी तुमच्याशी बोलणं सोडलं. पाऊस आला, गेला, मी बोलले नाही. तुम्हीही काही विचारलं नाहीत, समजावलं नाहीत. एकदाच, आत्या तिच्या घरी गेली होती, तुम्ही स्वतः करपलेल्या भाकरी थापल्या होत्या, माझ्यापुढे ताट सरकवून म्हणालात, "बोलू नको. पन जेवत जा." मी जेवले. दसऱ्याच्या पुढेमागे फळछाटणी आली तेव्हा तुम्ही हाक मारलीत आणि मी काड्या धरायला आले, इतकंच. आपल्यात कधी त्याचं बोलणं झालं नाही. तुम्हाला आत काही वाटत होतं की नाही, हे मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तुम्ही बागेवर भुरीचा रोग आला का तेवढंच बोलला असता.

कांदा तसाच ठेवून मी मुलीला मेसेज केला: बोलू नकोस, पण जेवत जा. तिचं उत्तर आलं, "हे काय आता?" मी परत कांदा चिरायला घेतला. दुसऱ्या दिवशी ताटाचा फोटो आला, भात आणि आमटी, खाली एक अक्षर नाही. तिसऱ्या दिवशीही आला. मग ती रोज ताट पाठवायची आणि मी अंगठा पाठवायचे. तुमच्या-माझ्यापेक्षा ही बरी सोय होती.

पावसाळाभर मी झाडं शिकले. मोबाइलवर व्हिडिओ असतात, एक मुलगा हिंदीतून सांगतो आणि प्रत्येक वाक्याला "दोस्तों" म्हणतो, त्याचा दोस्त होऊन शिकले. कुंडीत पाणी घालायच्या आधी बोट घालायचं, दोन पेरं आत. ओलं लागलं तर परत फिरायचं, कोरडं लागलं तरच घालायचं, आणि घातलं तर खालच्या भोकातून निघेपर्यंत. बशीत साचलेलं पाणी ओतून द्यायचं. घरातली झाडं तहानेने कमी मरतात आणि आपल्या काळजीने जास्त. कुजलेल्या मुळ्या काळ्या आणि लिबलिबीत असतात, त्या कापून नवी माती द्यायची, तिच्यात कोकोपीट आणि थोडी वाळू, म्हणजे पाणी थांबत नाही. पश्चिमेचं ऊन पान भाजतं. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तेव्हा मात्र दोस्ताची गरज पडली नाही. मिलीबग मी झोपेतही ओळखीन, तुम्ही खोडाची साल काढकाढून त्याच्यामागे लागायचात. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी मारलं. नाही म्हटलं तरी द्राक्षवाल्याची पोर आहे.

आणि फुटलं, नाना. रबराच्या खुंटाला आधी लाल टोकं आली. क्रोटन फुटलं, मोगरा फुटला, त्याला फुलंसुद्धा आली. मनी प्लांटच्या पेरापेरातून पानं. स्नेक प्लांटची कापलेली पानं तशीच सपाट डोक्याची राहिली, पण शेजारून नवी वर निघाली. मी बघायचे आणि ठीक आहे म्हणायचे. आनंद व्हायला हवा होता तिथे मी बरोबरची खूण केल्यासारखं करून आत जायचे. पाम मात्र उभा होता तसाच. दोस्ताने सांगितलं, पाम फक्त शेंड्यातून वाढतो. त्याला अंगावर डोळेच नसतात. बाकीची झाडं कापली की खालून फुटतात, ह्याचा शेंडा गेला की ती दांडी गेली, आणि मी एकही दांडी सोडली नव्हती. त्यात मुळ्या आधीच कुजलेल्या. हे तुम्हालाही ठाऊक नसणार. वेलीच्या माणसाला असं कुठलं झाड असेल असं वाटतच नाही.

दसऱ्याला मुलगी आली. वर्षाच्या आतला सण, दाराला तोरण नव्हतं, गोड केलं नव्हतं. ती आल्या आल्या गॅलरीत गेली नाही, चहा घेतला, तोंड धुतलं, कपाट उघडून बंद केलं. मग गेली. मी मागून गेले.

"रबराला किती फुटलंय, आई."

"हो."

"आणि हा?"

"तो नाही. त्याला फुटत नाही. मला माहीत नव्हतं."

ती खाली बसली आणि पामाची एक दांडी नखाने खरवडली. आत हिरवं असलं तर जीव असतो, हे तिलाही कुठून तरी माहीत होतं. आत तपकिरी होतं. तिने दुसरी खरवडली, तिसरी खरवडली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, एक विचारू? खरं सांग. तुला काही वाटतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच वाटत नाही."

ती दांडीकडेच बघत होती. "मलापण नाही," ती म्हणाली. "ऑफिसात सगळे सॉरी म्हणतात, मी थँक्यू म्हणते. रात्री झोप लागते. पिक्चर बघते. मे महिन्यात तुझ्यावर ओरडले ना, तेवढंच एक काय ते वाटलं. बसमध्ये वाटलं, चला, निदान राग तरी आला. मग तोपण गेला." नखातला भुसा काढत म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच अशी."

खाण तशी माती, दुसरं काय म्हणू. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. आम्ही दोघी रडलो असतो तर गोष्टीत शोभलं असतं. आम्ही बसलो, मग तिने विचारलं, रबराची कुंडी बसमध्ये नेता येईल का. मी म्हणाले, मांडीवर घे, फांद्यांना ओढणी गुंडाळ. रात्री तिने वाढ म्हटलं आणि मी वाढलं, आणि आईला मी शेवटचं कधी बघितलं, तुम्ही मुंडण करून बागेत कसे गेलात, हे सगळं तिला सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "मग आजोबांना नंतर कधी वाटलं का?" मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "विचारायचं होतंस ना." म्हणून हे पत्र. विचारायला बसले आणि नुसती झाडंच सांगत राहिले.

आता तिचा रोज फोन असतो. एक पान गळलं, तर मी म्हणते, गळणारच, जागा बदलली त्याची, महिनाभर कुरकुर करेल, तू पाणी वाढवू नकोस. खिडकीत ठेवू का, तर ठेव, पण काचेला चिकटून नको. बोट घालून बघितलंस का? बघितलं. ओलं आहे? ओलं आहे. मग झालं तर, ठेव फोन. पण फोन ती ठेवत नाही, मीही ठेवत नाही. काल म्हणाली, "आई, तो पाम काढून टाक आता. कुंडी मोकळी कर, दुसरं काहीतरी लाव त्यात." मी म्हणाले, हो, उद्याच काढते.

काढला नाही. नाना, हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून एवढं लिहून ठेवते. बाकी सगळ्या कुंड्यांत मी आधी बोट घालून बघते. पामाच्या कुंडीत बघत नाही. रोज सकाळी गॅलरीत गेले की पहिलं पाणी मी त्यालाच घालते.